सकाळचा डोस

सुनेनं बाथरूमचा नळ सोडला, बादलीत पाणी पडू दिलं आणि स्वतः दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. तिच्या पाठीशी सिस्टर उभ्या होत्या. बाथरूम एका माणसाच्या बेताची, आणि सिस्टर चांगल्या दुहेरी हाडाच्या. त्यांचे दोन्ही पाय भिजले होते.

"मी बाळाचं वजन करायला आले होते हो," त्या कुजबुजल्या. "चोर पकडायला नाही."

"हळू. उठल्या बघा."

बाहेरच्या खोलीत सासू उठली होती. बाळ गादीवर हातपाय झाडत होतं. जन्मल्या दिवशीच त्याला झटके आले. हॉस्पिटलात काचेच्या पेटीत राहून ते घरी आलं, ते तीन बाटल्या सोबत घेऊनच. ड जीवनसत्त्वाचे थेंब, लोहाचे थेंब आणि झटक्यांवरचं गुलाबी औषध. संध्याकाळचा डोस सून द्यायची. सकाळचा मात्र सासूनं पहिल्या दिवसापासून आपल्याकडे घेतला होता. 'तू जा आंघोळीला, माझं मी बघते,' असं रोज म्हणायची. आणि सून दाराआड झाल्याशिवाय बाटलीला हात लावायची नाही.

सुनेच्या मनात पाल चुकचुकली ती इथंच. त्यात महिनाभर पुरायच्या तिन्ही बाटल्या महिना सरायच्या आधीच तळाला गेल्या. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "सांडत असेल थोडं. आई आहे माझी, पूतना नाही." एकुलता एक मुलगा, तो दुसरं काय बोलणार? पण संशयाला आमंत्रण लागत नाही. एकदा उंबरा ओलांडला की तो घरच्या माणसासारखा आपल्या हातानं वाढून घेतो. सासू बाळाला मांडीवर घेऊन काहीबाही गुणगुणायची, तेही सुनेला आता खटकू लागलं होतं.

आज सिस्टर आल्या तेव्हा तिनं सासूच्या नकळत मागच्या दारातच त्यांना सगळं सांगितलं.

"थेंब दुप्पट देत असतील, बाळ गुटगुटीत व्हावं म्हणून," सिस्टर आधी हसल्या.

"आणि ते गुलाबी?"

"ते कशाला देतील?"

"गप्प निजावं म्हणून. त्यांना त्याचं रडणं ऐकवत नाही. नुसतं कुरकुरलं तरी जिवाचं पाणी होतं त्यांच्या."

मग सिस्टर हसायच्या थांबल्या. "त्या औषधाला हात जड झाला तर बाळ नुसतं झोपत नाही," त्या म्हणाल्या. "श्वास घ्यायचंही विसरतं."

सुनेनं पलंगाखाली बॅग भरून ठेवली होती. आज डोळ्यांनी दिसलं की बाळ घेऊन थेट माहेर.

सासू त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. तिनं बिनसुईची सिरिंज गुलाबी बाटलीत बुडवली, रेघेपर्यंत भरली, उजेडात धरून पाहिली. मग खाली वाकली. पदराआड काय झालं ते दिसलं नाही. बाटलीला झाकण लावून तिनं बाळाला मांडीवर घेतलं आणि बसून राहिली. ओठांत देवाचं नाव चाललं होतं.

"दिलं की बरोबर," सिस्टर म्हणाल्या. "आता सोडा मला. पायांचा बर्फ झाला."

"थांबा अजून."

बादली भरून वाहू लागली. बाहेरून मान न वळवता सासूनं हाक दिली, "अगं, नदी आणलीस की काय घरात? बंद कर तो नळ."

सिस्टरांनी हसू दाबायला तोंडावर हात धरला. सुनेनं नळ बंद केला. बराच वेळ सगळं शांत होतं. मग त्या शांततेत बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला. पुन्हा.

सासू दुसऱ्यांदा सिरिंज भरत होती.

सिस्टरांनी दार ढकललं. "आजी, हात खाली घ्या."

सून बाळावर झेपावली. "मी बघितलंय, आई. एकदा दिलंत तुम्ही. आता परत कशाला? मारायचंय का त्याला?"

सासूच्या हातातली सिरिंज तशीच राहिली.

सिस्टरांनी बाळाची पापणी उघडून पाहिली. तळपायाला टिचकी मारली. बाळानं टाहो फोडला. त्या उघड्या तोंडात त्यांनी नीट निरखून पाहिलं, जीभ पाहिली, गाल पाहिले.

"याच्या तोंडात टिपूसही गेलेला नाही," त्या म्हणाल्या.

"मग गेलं कुठं?"

सिस्टरांनी म्हातारीचा डावा हात धरला आणि मिटलेली मूठ सोडवली. तळवा गुलाबी झाला होता, चिकट.

"आजी, तुम्ही घेता हे?"

"याच्याएवढंच घेते, जास्त नाही," सासू खाली बघत म्हणाली. साखर चोरताना सापडल्यासारखा तिचा आवाज झाला होता. "एकेक करून तिन्ही बाटल्यांतलं घेते. दर वेळी बसते जरा. मला काही झालं नाही, की याला देते. ही ओली बाळंतीण, हिला कशाला घोर?"

सिस्टर तिच्याजवळ बसल्या. "अहो, पण बाटली सीलबंद येते. तपासलेली असते."

"तेव्हाचीही होती."

"केव्हाची?" सुनेनं विचारलं.

सासूनं भरलेली सिरिंज तिच्या हातात दिली.

"तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक मुलगी होती," ती म्हणाली. "तिला मी न चाखता पाजलं."