घसा बसला

"घसा पार बसलाय, बोलताच येत नाही," असं एका पक्षाच्या नेत्याने चॅनेलवाल्यांना खणखणीत आवाजात कळवलं आणि गळ्याभोवती मफलर गुंडाळून तो घरच्या सोफ्यावर जाऊन बसला. टीव्हीवर निवडणुकीची चर्चा सुरू झाली. विरोधी पक्षांचे दोघे तावातावाने भांडत होते. मधोमध याची रिकामी खुर्ची, पुढ्यात नावाची पाटी आणि पाण्याचा ग्लास. निवेदिका प्रत्येक प्रश्न त्या खुर्चीलाही विचारायची, जरा थांबायची आणि पुढे जायची.

"अब्रू काढतेय ही बाई माझी!" नेता कळवळला.

"गेला असतात तर तुमची तुम्हीच काढली असतीत," मटार सोलता सोलता बायको म्हणाली.

शेवटी प्रेक्षकांचा कौल आला. तिघांत सगळ्यात भरवशाचं कोण? रिकामी खुर्ची पहिली! एका आजींनी फोनवरून कारणही सांगितलं, "अख्ख्या तासात तिने एकही थाप मारली नाही हो."

नेत्याने मफलर भिरकावला. "बघ! न जाता मैदान मारलं!"

तेवढ्यात पक्षाध्यक्षांचा फोन आला. "हो साहेब, हो साहेब" म्हणता म्हणता नेत्याचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"उद्यापासून माझ्या सगळ्या सभांना खुर्चीच जाणार. मी घरी थांबायचंय."

बायकोने मटारची टोपली त्याच्या मांडीवर ठेवली. "मग सोला आता. आणि बोलायचं नाही हं, घसा बसलाय तुमचा."