खळ्याचं स्टेडियम

शांतलिंगनं तिवडा उपटून बाजूला फेकला, आणि इरम्माचं डोकंच फिरलं.

सकाळीच तिनं तो खळ्याच्या मधोमध रोवला होता. कणसं तुडवणारी मळणीची बैलं ज्याला बांधून फिरवतात तो खांब. त्याला इभूत लावायची, नारळ फोडायचा, मगच खळ्यात कणसं पडायची. इभूत अजून नीट वाळलीही नव्हती. इरम्मा कडेला शेणकाल्यानं सारवत बसली होती, ती तशीच उठली, कोपरापर्यंत भरलेल्या हातांनी.

"शांत्या! मुडद्या, हात कसा धजला रं तुजा?"

"आत्या, ओरडू नका. साहेब आलेत," शांतलिंग म्हणाला.

हा इरम्माच्या सख्ख्या भावाचा पोरगा. हैदराबादेत शिकायला गेला आणि येताना फुटबॉल घेऊन आला. आता नळदुर्गात क्लब निघाला होता, हा त्याचा सेक्रेटरी, आणि क्लबाला स्टेडियम पाहिजे होतं. दोन बाजूंना बसायला पायऱ्या, अंमलदारांसाठी पत्र्याचं छप्पर. त्यासाठी सरकारात अर्जी गेली होती ती नेमकी ह्याच जागेची. जागा पाहायला महसूल कचेरीतले गिरदावर साहेब आले होते. त्यांना खेळ दाखवायला क्लबाची दहाबारा पोरं चड्ड्या घालून आली होती आणि ओल्या सारवणावर बूट घालून उभी होती. खळ्यावर कुणी वहाणसुद्धा घालत नाही, पण ह्यांना कोण सांगणार!

गिरदावरानं टाच आपटून पाहिली. खूश झाला. "क्या जमीन है! एकदम सपाट. आणि पडीक आहे म्हणता?"

"पडीकच, साहेब. वर्षातून महिनाभर लोक काहीबाही वाळत घालतात, तेवढंच."

वाळत घालतात म्हणे! सपाट काय ती आपोआप झाली होती? ज्यांना स्वतःचं रान आहे, त्यांची खळी रानात. ज्यांचं बटईचं, तुकड्यातुकड्याचं, ती सगळी माणसं वर्षानुवर्षं इथं मुरूम टाकत आली, पाणी मारून बैलं फिरवत आली, सारवत आली. म्हणून ती सपाट. आणि आता सपाट आहे म्हणून ती ह्यांना पाहिजे.

"पडीक?" इरम्मा भाच्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "तुज्या आज्यानं इथंच मळलंय. त्या ज्वारीच्या भाकरी खाऊन तुजा बाप मोठा झाला. आन् तू पडीक म्हणतूस? जीभ झडली न्हाय तुजी?"

शांतलिंगचं तोंड लाल झालं. पोरं बघत होती. "आत्या, ते दिवस गेले. गावाचं नाव होईल. हैदराबादच्या टीमा खेळायला येतील इथं."

"येऊ देत की. मग म्या मळू कुठं? तुज्या टाळक्यावर?"

एक पोरगं फिसकन हसलं. गिरदावर हसला नाही. "बाई, कुठंही मळा. निजाम सरकारची जमीन आहे, सरकारला वाटेल त्याला देईल. तुम्ही तुमचं बघा. आणि हो, सरकारात भरायची लेव्हीची ज्वारी महिनाअखेर कचेरीत पोचली पाहिजे. मळून, साफ करून. नाही आली तर घरावर जप्ती येईल."

ह्यांच्यापुढं इरम्माला रडायचं नव्हतं. जमीन सरकारची, बरं. मग ज्वारी तरी तिची असावी! तर त्यातलीही आधी सरकारची, उरली तर तिची. रानात कणसं खुडून पडली होती, पाखरं उतरायला लागली होती, आणि मळायचं कुठं ते तिचं तिनं बघायचं. तिनं काय आभाळात खळं करायचं होतं?

तेवढ्यात पंचाक्षरीची गाडी आली. तो तिचा सावडीतला शेजारी. बैलं त्याची, राबणूक दोघांची. कणसांनी भरलेली पहिलीच गाडी होती ती. खळ्यात साहेब बघून त्यानं कासरा ओढला.

"इरम्मा, माघारी नेऊ का?"

"आण आत."

"आगं पर तिवडा कुठाय?"

"आण म्हणते न्हवं!"

गाडी आत आली. पोरं बाजूला सरकली. "मैदानात गाडी नको!" शांतलिंग ओरडला. पंचाक्षरी घाबरून थांबला, पण इरम्मा तोवर चाकावर पाय देऊन वर चढली होती. दोन्ही हातांनी ती कणसं खाली लोटायला लागली. टपोरी पांढरी कणसं सारवणावर कोसळत राहिली. शेणाचे हात तसेच होते, कणसांना लागत होते, तिला त्याचं काही नव्हतं.

"ये क्या लगा रखा है?" गिरदावर पुढं झाला. "उचला हे आधी!"

"उचलायचं कशाला, साहेब? लेव्ही हाय. तुमचीच हाय."

"आत्या, खाली उतरा. माझी इज्जत काढू नका चारचौघांत."

"तुजी इज्जत? आन् तिवडा उपटलास तवा माजी काय काढलीस रं?" इरम्माला धाप लागली होती, आवाज चिरकत होता. तिनं पोरांकडं पाहिलं, मग भाच्याकडं. "खळं तुमी घेतलं. आता बैलं लावून म्या फिरू कुठं? तुमास्नी तर रोज इथं पळायचंच हाय न्हवं?"

तिनं गाडीतली कणसांची शेवटची पाटी त्यांच्या पायांवर उपडी केली.

"पळा."