ढोलीचं दार

सकाळच्या भांडणात तारिंग बायकोवर खेकसला, "एवढं जड झालंय ना? दार उघडंच आहे. जा की माहेरी!"

यापी चुलीत लाकडं सारत राहिली. त्यांच्या रिवाजाने नवरा सोडायचा, तर सासरच्यांनी तिच्यासाठी दिलेली मिथुन गुरं माहेरच्यांनी परत करायची. ती गुरं तर बापाने लग्नातच कापून गावाला वाढली होती.

तारिंग पाक्केच्या रानात धनेश पक्ष्यांची घरटी राखायचा. अंडी घालायला मादी झाडाच्या ढोलीत शिरून तोंड लिंपून घ्यायची आणि नर फटीतून तिला भरवायचा. संध्याकाळी तो रडवेला होऊन परतला.

"नर मारला गं कुणीतरी. मादी आत उपाशी मरेल म्हणून ढोलीचं लिंपण फोडलं मी. तरी बसलीय आतच."

"दार उघडलंत, मग जात का नाही ती?" यापीने विचारलं.


"जाईल कशी? आत बसल्यावर पिसं झडतात बिचारीची. नुसतं दार उघडून काय होतंय?"