दाढी होईपर्यंत

रोह्याचा तो कबड्डीपटू डोलवीच्या कंपनीत लागला, म्हणून आमच्या पेणच्या संघात येणार होता. रामवाडीच्या सलूनमध्ये आमची त्यावरूनच जुंपली होती. "चढाईत त्याला तोड नाय," प्रविण म्हणाला. "आणि डोकं? शहाण्णव साली पंचाच्या अंगावर खुर्ची फेकली," मुझम्मिल म्हणाला. मी म्हणालो, "रोह्याशी फायनल आली की मुद्दाम बाद होईल." सलूनवाले नाथाकाका, आमच्या संघाचे जुने कप्तान, फेसानं माखलेल्या गिऱ्हाइकाची दाढी करताना विचारत राहिले, "आणखी काय ऐकलंय?" आम्ही सांगत राहिलो. शेवटी त्यांनी फेस पुसला. खुर्चीत तोच होता. "दाढी होईपर्यंत गप बसून दाखव, म्हटलेलं त्याला," काका हसले. "बसला. घ्या संघात." त्याच्या अंगावरचं कापड काढलं, तर खुर्चीचा लाकडी हात उखडून मुठीत आला होता. त्यानं शांतपणे विचारलं, "काका, झाली दाढी?"