नत्थूजी हरले ती भिंत

नत्थूजींनी भिंतीला तळहात लावला आणि डोळे मिटले. रविंद्रनं त्यांना मुद्दाम कामठीहून आणलं होतं. या गवंड्यानं हात लावलेली भिंत पुन्हा ओली होत नाही असं अख्खं नागपूर म्हणायचं, आणि ते काही उगाच नाही.

"दोनदा सिमेंटचा गिलावा केला," रविंद्र म्हणाला. "तरी ओल येऊन राहिली. मार्चात विहिरी आटल्या, हे भिंत सुकत नाही. दोन गिऱ्हाईकं पाहूनच परत गेले. रविवारी तिसरं येते. घर विकलं की आईले कळमेश्वरले माझ्या क्वार्टरवर नेतो. इथं एकटी काहून राहते?"

त्याची आई, यमुताई, चाळीस वर्षं याच घरात राहिलेली बाई. त्यांनी पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेल्या.

नत्थूजींचं काम बघत बसावं असं. करणीच्या टोकानं त्यांनी छातीच्या उंचीवरचा पोपडा इतका अलगद सोडवला की शेजारचा रंगही हलला नाही. बोटानं विटा ठोकून पाहिल्या.

"चुन्यातली, दीड विटेची भिंत. ज्यानं बांधली त्याले हात जोडावे," ते म्हणाले. दुसऱ्या गवंड्याचं असं तोंड भरून कौतुक करायला मन मोठं लागतं.

मग वाकून पायथा चाचपला, हाताची धूळ झटकली, आणि पोपडा जिभेला लावला.

"चव काहून घेता?"

"जमिनीतून चढलेली ओल खारट लागते, भाऊ. वरून पडलेलं पाणी गोडं असते."

"मग हे?"

नत्थूजींनी पोपडा पुन्हा एकदा जिभेला लावला. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या.

"खारट. पार पायव्यातून चढून राहिली. माझ्यानं नाही होत."

पन्नास वर्षांत हे वाक्य त्यांनी कोणाला ऐकवलं नव्हतं. रविंद्रनं भिंतीवर थाप मारली.

"तुमच्यानं नाही होत, तर मग हे घर घेते कोण? राहू द्या आता. आई म्हणते तसं, राहू दे तिले इथंच."

तो रिक्षा आणायला गेला. यमुताईंनी चहा आणला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. नत्थूजींनी कप रिकामा केला, करणी पिशवीत टाकली आणि पायरी उतरताना हळूच म्हणाले,

"ताई, पाणी छातीच्या उंचीवर नका मारू, पायथ्याशी मारत जा. अन् तांब्यात मूठभर मीठ टाकत जा. पुढचा गवंडी आला, तर तोही चाखते."