नाव नसलेला देव

पेरणीआधी बांधावरच्या तीन शेंदरी दगडांना निवद दाखवायचा, ही नेसरीच्या बाळाप्पांच्या घरची रीत. पण हा देव कोणता, ते घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. कोल्हापुरात शिकणारी नात शांभवी यंदा हट्टालाच पेटली.

“अज्जा, बिननावाचा देव असतोय व्हय?”

“माझा पणजा नि पणजी कर्नाटकातनं हितं आली, तवा समदा खडकाळ माळ हुता. त्येंनी माळ फोडून रान केलं. तवापासनं हाय ह्यो देव. नाव कुणी इचारलंच न्हाय.”

शांभवीनं शेंदराचा जाड थर खरवडायला घेतला. “पाप लागंल, पोरी,” म्हणत बाळाप्पाही गुडघे टेकून बघू लागले. बाहेरून दगड साधेच निघाले. एकमेकांकडे तोंड केलेल्या आतल्या बाजू मात्र काजळीनं काळ्याकुट्ट होत्या.

“अज्जा, ही तर चूल हाय की!”

बाळाप्पा बराच वेळ त्या काजळीवरून बोट फिरवत राहिले. मग निवदाचं ताट उचलून त्यांनी तिच्या हातात दिलं.

“हे घरला ने. आणि येताना पीठ, तवा नि काडीपेटी आण.”