हुबेहूब

दुपारी सव्वातीनला पूर्वाला झटका आला आणि त्याच क्षणी पडद्यावरच्या तिच्या प्रतीलाही आला. हल्ली इस्पितळात प्रत्येक रोग्याची संगणकात अशी प्रत करत, पेशीन् पेशी हुबेहूब. इतकी हुबेहूब, की तीही तितकीच अगम्य! झटका का येतो, ते डॉ. साळगावकरांना ना पोरीत कळत होतं, ना प्रतीत.

"मॅडम, रागावू नका," पूर्वाची आई रंजना म्हणाली. ती वायरमन होती. "घरात सारखा फ्यूज उडत असला, की आम्ही सगळी उपकरणं काढतो. मग एकेक लावून बघतो."

डॉक्टर तडक पडद्याकडे वळल्या. मग त्यांनी प्रतीतला एकेक अवयव बंद केला आणि नुसता मेंदू ठेवला. तो शांत होता. हृदय जोडलं, फुप्फुसं जोडली, तरी शांतच. यकृत जोडलं मात्र, मेंदू थरथरायला लागला. हृदय आणि फुप्फुसं पुन्हा काढली, तरी थरथर थांबेना.

पडद्यावर आता दोनच गोळे उरले होते.

"ही काही माझी पूर्वा दिसत नाही," रंजना पुटपुटली.

डॉक्टरांनी घाईघाईने यकृताचं औषध मागवलं.

"नाहीच दिसत," त्या म्हणाल्या. "पण झटका तिचाच आहे."